वळीव दिसतो, संततधार दिसत नाही

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापुरात दुपार कलताना वारा पडतो, उकाडा असह्य होतो आणि क्षितिजावर एक काळा ढग उभा राहू लागतो. रंकाळ्याच्या काठावर, टेंबलाईच्या टेकडीवर, घरोघरच्या गच्च्यांवर माणसे वर पाहत थांबतात. खिशातले फोन बाहेर येतात. पहिली वीज चमकली की एक सामुदायिक ‘आऽ’ उमटतो. पुढे जुलैच्या अखेरीस हीच माणसे पंचगंगेच्या घाटाकडे आणि शिवाजी पुलाकडे जातात. त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे : ‘पाणी बघायला जाणे’.

या ओढीची टिंगल करण्यात अर्थ नाही. आभाळ फाटताना पाहण्याची इच्छा माणसाइतकीच जुनी असावी, आणि हवामानशास्त्रातले कितीतरी लोक लहानपणी गच्चीवर भिजत उभे राहिलेलेच असतील. तरीही या नजरेची चिकित्सा करायला हवी, कारण कुठलीही आवड आपल्याला काही दाखवते तशी काही झाकूनही ठेवते. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या भागात जे वादळ देखणे असते आणि जे सर्वांत मोठा घात करते, ती बहुधा दोन वेगळी वादळे असतात. चित्रपट, साहित्य आणि फोनवरची चित्रफीत यांनी आपली रुची पहिल्यावर पोसली. दुसऱ्याकडे पाहण्याची रीत मात्र याच नदीकाठच्या बोलीत पडून आहे.

पाठलागाची भूमी

वादळाच्या मागे गाडी घेऊन धावण्याचा छंद, म्हणजे ‘स्टॉर्म चेसिंग’, अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानांवर १९५०च्या दशकात रुजला. तो तिथेच का रुजला, याचे उत्तर भूगोलात आहे. वसंतात मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत जातो. त्यातून स्वतःभोवती फिरणारा एक प्रचंड ढग तयार होतो. त्याला ‘सुपरसेल’ म्हणतात. हा ढग अनेकदा एकटा असतो, दुरून आख्खा दिसतो, आणि खाली सपाट जमीन व सरळसोट रस्ते असतात. वादळाला आकार आहे, दिशा आहे आणि त्याच्याबरोबर धावायला वाट आहे, म्हणून पाठलाग शक्य होतो.

हा छंद नुसत्या थराराचा कधीच नव्हता. १९७२पासून ओक्लाहोमातल्या संशोधकांनी टोर्नेडो गाठण्याचे शास्त्रीय प्रकल्प हाती घेतले. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी डोळ्यांनी पाहिलेले हवामान खात्याला कळवावे, अशी ‘स्कायवॉर्न’ नावाची व्यवस्थाही तिकडे आहे. १९९६च्या ‘ट्विस्टर’ या चित्रपटाने हे जग सर्वदूर पोहोचवले. त्यातले ‘डोरोथी’ हे उपकरण कल्पित असले तरी त्याच्यामागे ‘टोटो’ नावाच्या खऱ्या उपकरणाची प्रेरणा होती.

चित्रपट म्हणून ‘ट्विस्टर’ आजही पकड घेतो. त्याचा दोष त्याच्या रचनेत आहे. तिथे वादळ म्हणजे खलनायक : तो येतो, डरकाळी फोडतो, निघून जातो, आणि शेवटी आभाळ निवळते. गावे येतात ती उद्ध्वस्त होण्यापुरती. वादळानंतरचा तिसरा दिवस, चिखल, कागदपत्रे, दावणीची जनावरे यांना तिथे जागा नाही. वादळाला आरंभ, उत्कर्ष आणि अंत असतो, ही समजूत या चित्रपटाने प्रेक्षकाच्या मनात घट्ट बसवली.

प्रत्यक्षात त्या भूमीवरही गोष्ट इतकी सोपी नाही. टिम सॅमारास हा अभियंता टोर्नेडोच्या वाटेवर स्वतः बनवलेली उपकरणे ठेवत असे. २००३ साली साऊथ डाकोटातल्या एका टोर्नेडोत त्याच्या उपकरणाने हवेचा दाब १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद केली. ३१ मे २०१३ रोजी एल रेनो गावाजवळ चार किलोमीटरहून रुंद टोर्नेडोने अचानक दिशा आणि वेग बदलला. त्यात सॅमारास, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे गेले. सॅमारास बेफिकीर म्हणून ओळखला जात नव्हता. सावधपणाबद्दलच त्याचे नाव होते. त्या संध्याकाळी तिथले रस्ते पाठलाग करणाऱ्यांच्या आणि पळ काढणाऱ्या रहिवाशांच्या गाड्यांनी तुंबले होते. पाहणारा आणि वाचू पाहणारा एकाच रस्त्यावर आले, की पाहण्याचा प्रश्न नीतीचा होतो.

वळवाचे कौतुक

आपल्याकडे या साऱ्याला जवळचा म्हणजे वळीव. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, अरबी समुद्रावरून आलेला दमटपणा तिला मिळतो, आणि दोन-तीन तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्यातून थंड हवेचा लोट खाली आदळतो, पत्रे उडतात, केळीच्या बागा आणि ऊस आडवे होतात, गारा पडतात. तासाभरात सगळे शांत. सुपरसेलला लागणारा वाऱ्यातला फरक इथे सहसा नसतो, म्हणून वळीव जागच्या जागी चढतो आणि विरतो. त्याच्या मागे धावण्याआधीच तो संपतो. पण रूप, आवाज, गंध आणि अंत हे सगळे त्याच्यापाशी आहे. तो प्रेक्षकासाठीच घडवल्यासारखा वाटतो.

मराठी मनात त्याला स्थान आहेच. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांना आपल्या कथासंग्रहाला ‘वळीव’ हे नाव द्यावेसे वाटले, यात या मातीचे काहीतरी आहे. मात्र आपल्या वाङ्मयीन परंपरेत याहून वेगळ्या, धीराच्या नजराही आहेत. ‘मेघदूता’तला ढग केवळ देखणा नाही. तो रामगिरीहून निघून नर्मदा, विदिशा, उज्जयिनी अशा नाव असलेल्या ठिकाणांवरून जातो. कालिदासाने ढगाला भूगोल दिला. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामहिन्याने निसर्ग पाहते. एका चमकेवर ते समाधान मानत नाही. आणि व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) संकट गडगडत येतच नाही. पाऊस येत नाही, मेंढरे मरतात, गाव हळूहळू रिकामे होते. कोरड्या आपत्तीची ही संथ चाल मराठी कादंबरीने ओळखली. ओल्या आपत्तीची तशीच संथ चाल तितक्याच धीराने लिहिली गेली आहे, असे मला वाटत नाही. पाऊस आपल्या लेखनात बहुधा दिलासा म्हणून किंवा तांडव म्हणून येतो. दोन्हींच्या मधला, दिवसेंदिवस नुसता पडत राहणारा पाऊस कंटाळवाणा म्हणून गाळला जातो.

न गडगडणारा पाऊस

घात होतो तो या गाळलेल्या पावसात. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरचा वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो. घाटमाथ्यावर त्यातून बरसणारे ढग बरेचदा बुटके आणि पसरट असतात, त्यांत विजा थोड्या असतात. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. शहरातून पाहिले तर पश्चिमेला राखाडी पडदा दिसतो, बाकी काही नाही. तिथे चित्रित करण्यासारखे काहीच नसते. यंत्रालाही तो पुरता दिसत नाही. गोव्याच्या डॉप्लर रडारचा किरण कोल्हापूरच्या अंतरावर येईपर्यंत जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंच गेलेला असतो, आणि बुटक्या ढगांतला बराचसा पाऊस त्याच्या खालीच पडतो.

२२ जुलै २०२१चा दिवस आठवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पावसाच्या आकड्यांत रमणाऱ्या कुणाच्याही भुवया उंचावतील असा हा आकडा. पण त्याच २२ तारखेला, त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात होते. आणि इकडे पंचगंगा चढत चढत राजाराम बंधाऱ्यापाशी ५६ फुटांवर गेली. तिथे इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे. विक्रमी आकडा, दरड आणि पूर ही तीन वेगळी वृत्ते नव्हती. तो एकच पाऊस होता. नुसता आकडा मिरवणारी हौस त्यातला पहिला तुकडा कापून घेते आणि उरलेले दुसऱ्यांसाठी सोडते.

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण आपण माणसांच्या बढाईसाठी वापरतो. घाटाखाली राहणाऱ्यांसाठी ती हवामानाचेही सत्य सांगते. अर्थात ती पूर्ण सत्य नाही. गर्जणाऱ्या वळवाची वीज दरवर्षी शेतात, झाडाखाली थांबलेल्या माणसांचा बळी घेते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप काढले ते त्यासाठीच. पण विजेला निदान आवाज असतो. ती सावध करते. संततधार सावध करत नाही.

फूट, इंच आणि म्हातारा पाऊस

मग या न दिसणाऱ्या वादळाकडे पाहायचे कसे? मला वाटते, कोल्हापूरची बोली याबाबतीत चित्रपटापेक्षा शहाणी आहे.

पावसाळ्यात इथे माणसे एकमेकांना विचारतात : ‘पाणी किती फुटावर आहे?’ हा आकडा विक्रमासाठी विचारलेला नसतो. अमुक फुटाला सुतारवाड्यातली घरे हलवावी लागणार, अमुकला जामदार क्लबपाशी पाणी येणार, चिखली-आंबेवाडीच्या लोकांनी जनावरे कधी बाहेर काढायची, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले आणि ते पाणी इथे कधी पोहोचणार, हे सगळे त्या एका प्रश्नात असते. इथला फूट हे घरांचे माप आहे.

दुसरे शहाणपण नक्षत्रांच्या नावांत आहे. पुनर्वसूचा तो ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा तो ‘म्हातारा’. पावसाला रूपावरून नव्हे, वयावरून ओळखण्याची ही रीत. म्हातारा पाऊस जोरात नसेलही, पण तो मुरलेल्या जमिनीवर पडतो, भरलेल्या धरणांवर पडतो. २०२१ची २२ जुलै पुष्यातच येते. पंचांगातल्या नक्षत्राने पूर आणला असे मी म्हणत नाही. पाऊस किती पडला याइतकेच तो कशावर पडला हे महत्त्वाचे, ही जाण त्या नावात साठली आहे, एवढेच.

तिसरे उदाहरण नृसिंहवाडीचे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाणी चढून मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नानासाठी भाविक येतात. इथेही पुराचे आकर्षण आहे, गर्दी आहे. पण त्याला क्रम आहे : उत्सवमूर्ती आधी उंचावर सुरक्षित हलवली जाते, आणि पाणी फारच चढले की सोहळा बाजूला राहून गाव आवराआवरीला लागते. शिरोळ तालुका पर्जन्यछायेत आहे. तिथे ऊन पडलेले असतानाही पूर येऊ शकतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला, आणि शिरोळची गावे वरच्या पावसाच्या पाण्यात बुडाली. आपल्या आभाळात जे नाही त्याची वाट पाहणे, हे त्या गावांना पाठ आहे.

चित्रफितीची कसोटी

आता फोनवरच्या चित्रफितीकडे येऊ. हौशी माणसांनी टिपलेले वळवाचे ढग, पुलाखालचे पाणी, घाटातले फेसाळ ओढे यांत देखणेपण असते, आणि पुष्कळदा शास्त्राला उपयोगी पडेल असा ऐवजही. दोष असतो तो तीन गोष्टी गाळण्यात : जागा, वेळ आणि नंतरचे. कुठला पूल, किती वाजता, पाणी कुठल्या खुणेला आणि दुसऱ्या दिवशी तिथे काय झाले, हे नसले की गेल्या वर्षीचा पूर या वर्षी फिरतो आणि घाबरलेल्या माणसाची दिशाभूल करतो. शिवाय पाहण्यासाठी जमलेली गर्दी स्वतःच संकटाचा भाग होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, आणि ते दृश्यही लगेच फोनाफोनांवर फिरले. ते पाहताना आपण नक्की काय पाहत होतो, हा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणून वादळाच्या चाहत्याला माझी एकच कसोटी लावावीशी वाटते : तुझ्या पाहण्यातून खालच्या गावाला काही कळते का? कळत असेल, तर तू कितीही वेडा असलास तरी निरीक्षक आहेस. नसेल, तर हातातला कॅमेरा कितीही महाग असो, तू बघ्याच. या कसोटीला ‘ट्विस्टर’ अर्धाच उतरतो, सॅमाराससारखा माणूस जीव गमावूनही पूर्ण उतरतो, आणि सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत आकडा लिहिणारा घाटातला कर्मचारी सर्वांच्या पुढे असतो. त्याच्या आकड्याला गडगडाट नसतो. पण तो आकडा वेळेत खाली पोहोचला, तर सुतारवाड्यातली एखादी बाई पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मुलांची दप्तरे माळ्यावर टाकून घर सोडू शकते. वळवाचे फोटो जरूर काढावेत. जुलै लागला की मात्र फोनवर त्या वहीतला आकडाही पाहावा.