पोटमाळ्यावरची सूटकेस

एडिनबरातला एक जुना, उंच छताचा फ्लॅट. त्यात तिघे मित्र राहतात: डेव्हिड अकाउंटंट, ज्युलिएट डॉक्टर, अ‍ॅलेक्स पत्रकार. चौथी खोली भाड्याने द्यायची आहे, आणि ती बघायला येणाऱ्या प्रत्येकाची हे तिघे यथेच्छ टर उडवतात. अखेर ह्यूगो नावाचा माणूस त्यांना पसंत पडतो. थोड्याच दिवसांत त्याच्या खोलीचं दार फोडावं लागतं. ह्यूगो पलंगावर मरून पडलेला असतो आणि खोलीत नोटांनी ठासून भरलेली सूटकेस. डॅनी बॉइलच्या १९९४ सालच्या ‘शॅलो ग्रेव्ह’ची सुरुवात एवढीच आहे.

या तिघांपैकी एकालाही पैशाची गरज नाही, ही या चित्रपटातली सगळ्यात भयंकर गोष्ट. कुणाच्या घरी आजारपण नाही, डोक्यावर कर्ज नाही. तिघांच्या नोकऱ्या चांगल्या आहेत. तरीही प्रेताची विल्हेवाट लावून पैसे ठेवून घ्यायचं ठरतं. ओळख पटू नये म्हणून हातपाय तोडायला हवेत, दात पाडायला हवेत. हे काम कोणी करायचं यासाठी नशिबाचा कौल घेतला जातो आणि तो नेमका तिघांतल्या सर्वांत भित्र्या डेव्हिडवर येतो. ज्युलिएट डॉक्टर असूनही करवतीला हात लावत नाही. बॉइल जखम दाखवत नाही. रात्रीच्या रानात करवतीचा आवाज ऐकवतो आणि डेव्हिडचा चेहरा दाखवतो. मैत्री त्या रात्रीच संपलेली असते. पुढचा तासभर आपण फक्त तिचे हिशेब बघत राहतो.

मित्र आणि पैसा हा विषय ब्रिटिश गुन्हेपटांना नवा नव्हता. कॅरल रीडच्या ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) युद्धानंतरच्या व्हिएन्नात हॅरी लाइम पेनिसिलिनमध्ये भेसळ करून विकतो. आकाशपाळण्यातून खालची माणसं ठिपक्यांएवढी दिसत असताना एकेका ठिपक्याची किंमत तो आपल्या जिवलग मित्रालाच ऐकवतो. ग्रॅहॅम ग्रीनने लिहिलेला तो प्रसंग आजही अंगावर येतो. ‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) दरोडेखोरांची टोळी वादक असल्याचं सोंग घेऊन लंडनमधल्या एका म्हातारीच्या घरातल्या भाड्याच्या खोल्यांत जमते आणि लुटीपायी एकमेकांचे जीव घेते. तो विनोदी चित्रपट आहे, पण सांगाडा हाच: एक घर, एक रक्कम आणि एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं.

नंतर ही परंपरा रस्त्यावर आली. ‘गेट कार्टर’ (१९७१) न्यूकॅसलच्या बकाल गल्ल्यांत फिरला, ‘द लाँग गुड फ्रायडे’ने (१९८०) लंडनच्या गोद्यांवर डोळा ठेवून बसलेला गुंड उभा केला. दोन्ही जबरदस्त चित्रपट आहेत, पण त्यांतला गुन्हेगार आपल्यापैकी नाही. तो गुंड आहे हे पहिल्या प्रसंगापासून ठाऊक असतं, त्यामुळे प्रेक्षकाला सुरक्षित अंतर मिळतं. ‘शॅलो ग्रेव्ह’ने ते अंतर पुसलं आणि गुन्हा पुन्हा घरात आणला, सुशिक्षित, पगारदार माणसांच्या घरात.

डॉक्टरी शिकलेल्या जॉन हॉजने पटकथा लिहिली. बॉइलचा हा पहिलाच चित्रपट. निर्माता अँड्र्यू मॅकडोनाल्ड, जुन्या पिढीतला चित्रपटकार एमरिक प्रेसबर्गरचा नातू. चॅनल फोरचा पैसा आणि ग्लासगोच्या चित्रपट निधीची मदत यांवर सुमारे दहा लाख पौंडांत काम झालं. गोष्ट एडिनबराची असली तरी बहुतेक चित्रीकरण ग्लासगोत झालं. हात आखडता होता म्हणूनच बहुतेक गोष्ट एका घरात कोंडली गेली, आणि तेच तिचं बळ ठरलं. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचं बाफ्टा पारितोषिक तिला मिळालं.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अ‍ॅलेक्स आणि ज्युलिएट हौसेने एक व्हिडिओ कॅमेरा विकत आणतात. डेव्हिड किंमत विचारतो. पाचशे पौंड, ते सांगतात. हे तुम्ही दिलेले पैसे झाले, तो म्हणतो, आपल्याला हे कितीला पडणार ते अजून कळायचं आहे. एका अकाउंटंटच्या तोंडी याहून खरं वाक्य कोणी घातलेलं मला माहीत नाही. पुढे हाच डेव्हिड सूटकेस घेऊन पोटमाळ्यावर राहायला जातो, आणि मित्रांवर नजर ठेवण्यासाठी छताला भोकं पाडतो. खालच्या खोल्यांतला उजेड त्या भोकांतून काठ्यांसारखा वर येतो, आणि त्या उजेडाच्या जंगलात डेव्हिड झालेला ख्रिस्तोफर एक्लस्टन दबा धरून बसलेला असतो. छायालेखक ब्रायन टुफानोचं हे एक दृश्य संशयावरच्या दहा संवादांना भारी आहे.

बॉइल पैशाची ही गोष्ट विसरला नाही. मुंबईत घडणाऱ्या ‘स्लमडॉग मिलियनेर’मध्ये (२००८) नायकाचा भाऊ सलीम नोटांनी भरलेल्या बाथटबमध्ये पडून मरतो. सूटकेसमधल्या नोटा चौदा वर्षांनी तिथे पोचल्या होत्या.

‘शॅलो ग्रेव्ह’नंतर ब्रिटिश गुन्हेपटाचं काय झालं? १९९८मध्ये गाय रिचीचा ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ आला. तिथेही चार मित्र आणि पाच लाख पौंडांचं कर्ज आहे. चित्रपट चटपटीत आहे, पण त्यात मैत्रीला तडा जात नाही, मरतात ते इतर. त्याच्या नकलांनी पुढची काही वर्षं ब्रिटिश गुन्हेपट बोलघेवड्या गुंडांनी भरून टाकला. माझ्या मते या कलेचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. बंदुका वाढल्या आणि भीती गेली.

भीती परत आली ती दूरचित्रवाणीवर. ‘हॅपी व्हॅली’च्या (२०१४) मुळाशी एक अकाउंटंटच आहे: पगारवाढ नाकारली म्हणून मालकाच्या मुलीच्या अपहरणाची कल्पना गुंडाच्या कानात घालणारा. पण मालिका लवकरच पोलीस सार्जंट कॅथरीनची होते, आणि ते स्वाभाविकही आहे. एकूणच ब्रिटिश मालिकांचा जीव तपास करणाऱ्यांत जास्त रमतो. चुकणाऱ्या माणसाच्या कातडीत शिरून बसण्याचं धाडस विरळ झालं आहे. मॅट पामरच्या ‘कॅलिबर’ या चित्रपटात (२०१८) ते आहे: स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शिकारीला गेलेले दोन जुने मित्र, चुकून सुटलेली एक गोळी आणि लपवण्याचा एक निर्णय. आणि ‘गिल्ट’ या मालिकेत (२०१९) ते आहे. एडिनबरातच एक वकील आणि त्याचा भाऊ रात्री लग्नाहून परतताना एका म्हाताऱ्याला गाडीखाली घेतात आणि त्याला त्याच्याच घरात, जणू झोपेतच गेला असा, नेऊन ठेवतात. ‘शॅलो ग्रेव्ह’चा खरा वारस मला इथे दिसतो. मोठ्या पडद्यावर मात्र असा चित्रपट आज क्वचितच बनतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘शॅलो ग्रेव्ह’चा शेवट मी मुद्दाम सांगितलेला नाही. ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी तो कुणी सांगायच्या आत पाहावा, आणि जमलं तर एखाद्या जुन्या मित्राला शेजारी बसवून पाहावा.