बाहुलीचे प्रवासवर्णन

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत आता चांगलाच रुळला आहे. परंतु ज्या प्रवासवर्णनाच्या नायिका बाहुल्या आहेत, असे पुस्तक अभिप्रायासाठी आमच्या हाती आजवर आले नव्हते. ते गेल्या दिवाळीनंतर आले. पुस्तक छापील नव्हे. अकोल्याच्या एका परिचित कुटुंबाने आपल्या मोटारप्रवासाची छायाचित्रे एका जाड वहीत चिकटवून, प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी लिहून, ती वही आमच्याकडे धाडली. सोबतच्या पत्रात गृहिणीबाईंनी एकच प्रश्न विचारला होता : "शेवटच्या चित्राने वहीची शोभा जाते असे मला वाटते. ते काढून टाकावे काय?" खासगी वहीची जाहीर चिकित्सा करणे हे शिष्टाचारास धरून नाही, हे आम्ही जाणतो. तथापि कुटुंबाची अनुमती आम्ही घेतली आहे, आणि प्रश्न एका वहीपुरता नाही, असे वाटल्यावरूनच हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो आहो.

प्रथम वहीची ओळख करून देतो. प्रवास अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असा, व तेथून उत्तरेस मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरपर्यंतचा. मंडळी चार : आई, वडील, आजी आणि नऊ वर्षांची कन्या. बाहुल्याही चारच : एक किमोनो नेसलेली जपानी, दोन बार्बीच्या कुळातल्या, व एक चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी. बाईंना बाहुल्यांच्या संग्रहाचा छंद आहे आणि तो त्यांनी निष्ठेने जोपासला आहे. मोटारीत बाहुल्यांसाठी स्वतंत्र पेटी होती. ठिकाण आले म्हणजे पेटी उघडावी, बाहुली रुमालाने पुसून कठड्यावर वा पायरीवर उभी करावी, छायाचित्र घ्यावे आणि पेटी पुन्हा मिटावी, असा क्रम होता. बाहुली हाती धरण्याचा अधिकार बाईंचा. कन्येने पेटी सांभाळावयाची.

वहीतील पहिले चित्र अकोला-अमरावती महामार्गावरचे आहे. याच रस्त्याच्या एका पदराचे 75 किलोमीटरचे डांबरीकरण जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत पुरे झाले व त्याची गिनीज पुस्तकात नोंद झाली. जपानी बाहुली मोटारीच्या टपावर उभी आहे; मागे पसरलेला काळाभोर रस्ता धूसर झाला आहे. खाली किमोनोच्या रेशमाचे वर्णन आहे. दुसरे चित्र अमरावतीस अंबादेवीच्या देवळाबाहेरचे. तेथेही पुढे बाहुली स्पष्ट, मागे देऊळ अस्पष्ट. रिद्धपूरच्या राजमठापाशी घेतलेल्या चित्राचीही तीच गत. चित्रे नीटनेटकी आहेत, प्रकाशाची जाण चांगली आहे, मजकुरात शुद्धलेखनाची चूक शोधून सापडत नाही. परंतु या चित्रांची ठिकाणे एकमेकांत अदलाबदल केली, तर एकाही ओळीत फरक करावा लागणार नाही. हा प्रवासवर्णनाचा मोठाच दोष होय. अशा प्रवासात बाहुली घराबाहेर पडते, पण पेटीबाहेर पडत नाही.

यावरून बाहुलीस प्रवासास नेणे हेच हास्यास्पद आहे, असे कोणी म्हणेल, तर आम्ही त्याच्याशी सहमत होणार नाही. बाहुल्यांनी याहून मोठे प्रवास केले आहेत. 1927 साली अमेरिकेतील मुलांनी जपानच्या मुलांस बारा हजारांहून अधिक बाहुल्या स्नेहभेट म्हणून धाडल्या. त्या बाहुल्यांस खेळण्यातली पारपत्रेही देण्यात आली होती. जपानने उलट 58 मोठ्या, उंची वस्त्रे ल्यालेल्या बाहुल्या अमेरिकेस पाठविल्या. पुढे दोन्ही देशांत युद्ध जुंपले आणि जपानमध्ये गेलेल्या त्या पाहुण्यांपैकी पुष्कळ शत्रूच्या म्हणून नष्ट करण्यात आल्या. काही मात्र लोकांनी जिवावरचे संकट पत्करून लपवून ठेविल्या. आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनी जमविलेल्या देशोदेशींच्या बाहुल्यांतून 1965 साली दिल्लीचे बाहुली-संग्रहालय उभे राहिले. तेव्हा बाहुली ही केवळ पोरखेळाची वस्तू, हे म्हणणे टिकत नाही. प्रश्न एवढाच, की बाहुलीची किंमत कशात असते?

संग्राहकांचे शास्त्र याचे उत्तर निःसंदिग्ध देते. जिला कोणाचा हात लागलेला नाही, ती बाहुली सर्वांत मोलाची. मूळ खोका न उघडलेला असेल तर दर चढतो. खोका उघडला की उतरतो. केस विस्कटले, एखादा दागिना वा बूट हरवला, की आणखी उतरतो. 1959 साली बाजारात आलेल्या पहिल्या बार्बींपैकी न खेळलेल्या प्रती आज दुर्मिळ म्हणूनच महाग आहेत. आणि त्या दुर्मिळ का, तर तेव्हाच्या मुली त्यांच्याशी मनसोक्त खेळल्या. म्हणजे एका पिढीच्या आनंदामुळे जी वस्तू विरळ झाली, तिची किंमत दुसरी पिढी आनंद वर्ज्य करून राखते! आमच्या घरोघरच्या ठकीला व चिंध्यांच्या बाहुलीला हे शास्त्र कधी ठाऊक नव्हते. ठकीचे नाक झिजे, रंग उडे, आणि जितका रंग उडे तितकी ती घरातली होई.

वऱ्हाडात तर याहून बोलके उदाहरण आहे. भाद्रपदी पौर्णिमेस मुली मातीची भुलाबाई व भुलोजी मांडतात, महिनाभर घरोघर जाऊन गाणी म्हणतात, झाकलेली खिरापत ओळखतात, आणि कोजागिरीस ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली तिची हौस पुरवून बोळवण करतात. भुलाबाई दरसाल येते ती तिची बोळवण होते म्हणूनच. वहीच्या मजकुरात एके ठिकाणी आजीबाईंच्या भुलाबाईचा ओझरता उल्लेख आला आहे. त्या उल्लेखाच्या दोन ओळी किमोनोच्या दहा ओळींपेक्षा सरस आहेत. लेखिकेने तो धागा पुढे न्यावयास हवा होता.

परंतु वहीतील खरी चुकलेली संधी रिद्धपूरची. बाहुली घेऊन जाण्यास महाराष्ट्रात याहून योग्य गाव आम्हांस सुचत नाही, आणि हे आम्ही विनोदाने म्हणत नाही. मराठी भाषा विद्यापीठासाठी शासनाने याच गावाची निवड केली, ती तेथील वाङ्मयीन परंपरेमुळे. तेराव्या शतकात येथे श्रीगोविंदप्रभू नांदले. चक्रधरांचे हे गुरू लहान मुलासारखे वागत. लहर येईल तेथे जात, मनास येईल ते खात, खेळत, रुसत. परक्यास ते वेडे वाटत. गावाने मात्र त्यांस आपली माय व आपला बाप मानले. एकदा त्यांस स्वतःच्या विवाहाची लहर आली. शहाण्या माणसांनी ती हसण्यावारी नेली असती. भक्तांनी तो खेळ खरा मानून लग्नसोहळा मांडला, आणि त्या सोहळ्यासाठी महदंबेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गाइले. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना ही अशी एका लुटुपुटुच्या लग्नातून जन्मास आली आहे. बाहुला-बाहुलीचे लग्न लावणाऱ्या कोणत्याही मुलीस हे सांगावे. तिला ते आपल्याहून लवकर समजेल.

दुसरे असे, की रिद्धपुरास वस्तूच्या मोलाचे स्वतःचे शास्त्र आहे, आणि ते संग्राहकांच्या शास्त्राच्या नेमके उलट आहे. महानुभावांनी मूर्तिपूजेचा मार्ग सोडला. परंतु श्रीप्रभू जेथे बसले, निजले, खेळले, त्या त्या स्थानी ओटे बांधून ते त्यांस नमन करतात. अशा स्थानाच्या संबंधाचा पाषाणाचा तुकडाही भाविक जपून ठेवितात. त्या दगडास कोरीव काम नाही, झळाळी नाही. त्याची किंमत एकाच गोष्टीत, की त्यास स्पर्श झाला आहे. बाजारात स्पर्शाने वस्तूचे मोल उतरते. रिद्धपुरात स्पर्शावाचून वस्तूस मोलच नाही. राजमठापुढे बाहुली उभी करताना हा विरोध लेखिकेच्या ध्यानी आला असता, तर ती वही नुसती वही राहिली नसती.

येथे एक आक्षेप संभवतो व तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कोणी म्हणेल, जपून ठेवण्यास तुम्ही इतके हसता, पण महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंद करून ठेविले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले ना? पेटी नसती तर लीळाचरित्र तरी कोठे असते? आक्षेप वजनदार आहे. पेटीचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. जपानमधल्या त्या बाहुल्याही लपविल्या म्हणूनच वाचल्या. परंतु त्याच ग्रंथाची दुसरी हकीकतही लक्षात घ्यावी. म्हाइंभटांनी रिद्धपुरास वाजेश्वरी येथे लीळा सिद्ध केल्या. मूळ पोथी पुढे धाडीत नाहीशी झाली, आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्या शिष्यांनी त्या आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे पंथाची परंपरा सांगते. पोथी पेटीतून गेली. वापरात होती म्हणून परत आली. या पुनर्रचनेमुळे पाठभेद झाले, हे खरे. 1978 साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांस या पाठभेदांशी झगडावे लागलेच. पण पाठभेद हे ग्रंथ माणसांच्या तोंडी वावरल्याचे चिन्ह आहे. ठकीच्या झिजलेल्या नाकासारखे. पेटी वस्तू टिकविते, तिचे जीवित टिकविते ते हाताळणे. दोन्हींची गरज आहे. परंतु पहिली दुसरीसाठी आहे, हे विसरले की संग्रहाचे कोठार होते.

आता शेवटच्या चित्राकडे वळू. ते बाईंनी काढलेले नाही. परतीच्या वाटेवर वडिलांनी काढले आहे. चित्र किंचित हलले आहे. मोटारीच्या मागच्या बैठकीवर कन्या आजीच्या मांडीवर डोके टेकून झोपली आहे आणि तिच्या कुशीत दोन बार्बींपैकी एक आहे. बाहुलीचे केस धुळीने माखले आहेत. एका पायात बूट नाही. झाले होते असे : आईवडील दर्शनास गेले असता कन्येने पेटी उघडली, गावातल्या दोन-तीन मुली जमल्या, आणि बाहुली हातोहात फिरून ओट्याभोवती त्यांच्याबरोबर धावली. मुलीस बोलणी बसली, ती रडली, बूट बराच शोधला, सापडला नाही. चित्राखालची ओळ आईच्या सुवाच्य अक्षरात नाही, मुलीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आहे : "हिचा एक बूट रिद्धपूरला राहिला."

साऱ्या वहीत ठिकाणाचे नाव अपरिहार्य झालेले वाक्य हे एकच. येथे दुसऱ्या गावाचे नाव घालता येत नाही. चार बाहुल्या मोटारीत बसल्या. तिघींचे नुसते वहन झाले, प्रवास एकीचाच घडला. आणि संग्राहकांच्या हिशेबात जिचे मोल आता काहीच उरले नाही, तीच रिद्धपूरच्या हिशेबात मोलाची ठरते.

चित्र ठेवावे की काढावे, अशा संभ्रमात बाईंनी ते काढण्यापूर्वी विचारले, यातच त्यांची रसिकता दिसते; त्यांच्या छंदाविषयी आमच्या मनात अनादर नाही. आमचे उत्तर असे : ते चित्र काढू नये. वहीत जागेची अडचण असेल, तर किमोनोची दोन चित्रे खुशाल कमी करावी. बाहुली मात्र पुसून पुन्हा खोक्यात ठेवू नये; ती जिच्या कुशीत होती, तिच्याकडेच राहू द्यावी. आणि पुढल्या खेपेस पेटी सांभाळण्याचे काम वडिलांकडे द्यावे.