डोनाचा शोध

जानेवारी १९८४ची तारीख असलेल्या ‘न्यू टीन टायटन्स’च्या ३८व्या अंकात कुणी महाखलनायक नाही, शहरावर संकट नाही. लांब कोट घातलेला एक तरुण दारोदार फिरून जुन्या गोष्टींची चौकशी करतो आहे. हा डिक ग्रेसन, बॅटमॅनचा रॉबिन. त्याची जिवाभावाची मैत्रीण डोना ट्रॉय, म्हणजे वंडर गर्ल, लवकरच लग्न करणार आहे आणि आपले आईवडील कोण हे तिला ठाऊक नाही.

या प्रश्नाला कथेबाहेरचाही इतिहास आहे. वंडर गर्ल हे मुळात वंडर वुमनचेच लहानपणचे रूप. १९६५मध्ये तिला रॉबिनच्या चमूत घेतले, तेव्हा ही वेगळी मुलगी आली कुठून, याचा विचारच कुणी केला नव्हता. १९६९मध्ये मार्व्ह वुल्फमनने तोड काढली: वंडर वुमनने आगीतून वाचवलेली ही अनाथ पोर. पण त्या जळत्या घरात ती कशी पोचली? तो धागा लोंबकळतच राहिला. सुमारे १५ वर्षांनी वुल्फमन चित्रकार जॉर्ज पेरेझसोबत तोच धागा उचलतो. लिहिताना राहून गेलेली फट तो घाईने बुजवत नाही, तिला डोनाच्या मनातली जखम करतो. या अंकाची थोरवी मला इथे दिसते.

जळालेल्या इमारतीत डिकला एक जुनी बाहुली सापडते. ती दुरुस्त करणाऱ्याचा माग काढत तो अनाथालयापर्यंत जातो आणि तिथून फे नावाच्या बाईपर्यंत. धागे जरा सोयीने जुळतात, हे खरे. पण चौकटीत डझनभर वीर कोंबण्यात रमणारा पेरेझ इथे हात आवरतो आणि माणसांच्या चेहऱ्यांपाशी थांबतो.

डोनाची जन्मदाती डोरोथी हिंकली. कुमारी माता, त्यात आजाराने खंगलेली. तिने बाळ दत्तक दिले. कार्ल आणि फे स्टेसीने ते लाडाने घरी आणले. कार्ल अपघातात गेला, फेला एकटीने भागवता येईना, आणि तिने काळजावर दगड ठेवून मुलगी परत दिली. पुढे ती मुले विकणाऱ्या टोळीच्या हाती लागली. दोन आयांनी तिला सोडले, पण नकोशी झाली म्हणून एकीनेही नाही. वुल्फमन त्यांच्यातल्या कुणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही.

हे शोधून काढायला डिकच का हवा? तोही पोरकाच. पण आईबापांची नावे, सर्कशीतला त्यांचा झोका, ते पडले ती रात्र, सगळे त्याला पाठ आहे. डोनाकडे रडावे असेसुद्धा कुणी नाही. डिक तिला फेच्या रूपाने एक जिवंत आई मिळवून देतो, आणि डोरोथीच्या रूपाने जिच्यासाठी डोळे भरून यावेत अशी दुसरी. उडता येणाऱ्या, गाड्या उचलणाऱ्या डोनाला स्वतःच्या बळावर हे मिळणे शक्य नव्हते.

पुढच्याच अंकात डिक रॉबिनचा पोशाख उतरवतो. आणि १९८५च्या ५०व्या अंकात डोनाचे लग्न लागते, तेव्हा वडिलांच्या जागी तिला हाताला धरून नेतो तो डिकच. हा मान त्याच्याकडे कसा आला, हे ३८वा अंक वाचलेल्याला सांगावे लागत नाही.