मदतीला येऊ नका : इलिच यांचं भाषण आणि सेवेचं एक वर्ष

मंडळी, आजच्या व्याख्यानाला आम्ही पुस्तक न घेता एक भाषण घेतलं आहे. इव्हान इलिच यांचं. इलिच म्हटलं की आपल्याकडे शाळा मोडीत काढायला निघालेला माणूस एवढंच आठवतं, ते १९७१च्या ‘डीस्कूलिंग सोसायटी’मुळे. हे भाषण त्याआधीचं, एप्रिल १९६८चं. इलिच तेव्हा कॅथलिक धर्मगुरू होते. समोर बसलेली मुलंमुली उत्तर अमेरिकेतली, बहुतेक कॅथलिक कॉलेजांतली, सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत जाऊन सेवा करू इच्छिणारी. भाषणाच्या शीर्षकाचा मराठी अर्थ सांगायचा तर ‘सदिच्छा गेल्या खड्ड्यात’ असा होईल. पाहुणा म्हणून बोलावलेल्या माणसाने यजमानांना असं ऐकवावं, हे धाडसच.

सांगणं थोडक्यात असं. तुम्हाला त्या लोकांची भाषा येत नाही, म्हणून ते तुमच्याविषयी काय बोलतात तेही कळत नाही. तुम्ही नकळत तुमच्या मध्यमवर्गाचे विक्रेते म्हणून जाता. तेव्हा या, डोंगर चढा, फुलं बघा, अभ्यास करा. पण मदतीला येऊ नका. आणि गरिबांत काम केल्याशिवाय राहवतच नसेल तर आपल्या देशात करा, जिथे गरीब माणूस तुम्हाला तुमच्याच भाषेत ‘चालते व्हा’ म्हणू शकेल.

हे शेवटचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण जी निवासी सेवेची योजना आज कॅथलिक कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसमोर असते, ती या कसोटीवर उतरते असं वरकरणी दिसतं. जेझुइट व्हॉलंटिअर कोअरचं उदाहरण घेऊ. सुरुवात १९५६ची, अलास्कातल्या कॉपर व्हॅलीच्या शाळेतली. पुढे ती अमेरिकेच्या शहराशहरांत पसरली. पदवी झाली की मुलगा वा मुलगी एक वर्ष देते. चारसहा जण एका घरात राहतात, दिवसभर बेघरांच्या निवाऱ्यात, शाळेत, कायदेविषयक मदत केंद्रात काम करतात. राहणं-खाणं भागतं, वर थोडासा हातखर्च. अध्यात्म, साधं राहणं, सामाजिक न्याय आणि एकत्र राहणं ही त्यांची चार मूल्यं. देश आपला, भाषाही बव्हंशी आपली. मग इलिचसाहेब, आता तुमची हरकत काय?

आमची हरकत इलिच यांच्याच कसोटीवर आहे. निवाऱ्याच्या खिडकीशी रात्री खाट मागायला उभा असलेला माणूस आतल्या बावीस वर्षांच्या मुलाला ‘चालता हो’ कसा म्हणेल? भाषा दोघांची एकच असली तरी खाटेची यादी एकाच्याच हातात असते. नकार द्यायला शब्द लागतात, आणि नकार दिल्यावर झोपायला दुसरी जागाही लागते. भाषेवर एवढा भर देताना इलिच हे विसरले. (जाता जाता : इलिच यांचं कुएर्नावाकाचं केंद्र चालायचं ते तिथल्या स्पॅनिश वर्गांच्या फीवर, आणि त्या वर्गांत लॅटिन अमेरिकेत कामाला निघालेल्यांची बरीच भरती असे. ज्यांना ‘येऊ नका’ म्हणायचं त्यांचीच शिकवणी घ्यायची! आम्हाला यात ढोंग दिसत नाही, पण गंमत आहे.)

दुसरी गोष्ट ‘निवासी’ या शब्दाची. ॲरिस्टॉटलच्या विवेचनात मैत्रीसाठी एकत्र राहणं, बरोबर मीठ खाणं आवश्यक आहे. आपणही खाल्ल्या मिठाची भाषा बोलतो. या योजनेत मीठ बरोबर खाल्लं जातं ते कुणाबरोबर? इतर स्वयंसेवकांबरोबर. म्हणजे त्याच वयाच्या, साधारण त्याच शिक्षणाच्या मुलांबरोबर. ज्यांच्यासाठी सगळं चाललं आहे ती माणसं दिवसा भेटतात, रात्री जेवणाच्या टेबलाशी नसतात. हे वसतिगृह झालं. चांगलं, जरा फाटकं वसतिगृह.

फ्रान्समधल्या ‘लार्श’ची घडण याहून वेगळी. १९६४ साली जाँ व्हानिए यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोघांना संस्थेतून बाहेर काढून आपल्या घरी राहायला बोलावलं. तिथला सहायक आणि ज्याला साहाय्य हवं तो, दोघं एका छताखाली. आपल्याकडे बंगळुरूचं आशा निकेतन याच परिवारातलं. पण याच व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, हे लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीतून २०२०मध्ये बाहेर आलं. २०२३च्या अहवालात तो आकडा किमान २५ झाला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून हे चाललं होतं. घरात जवळीक असते म्हणून घराला जाब विचारणाऱ्या खिडक्या अधिक लागतात. ‘एकत्र राहणं’ हे मूल्य म्हणून मांडणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती कुठल्याही धर्माची असो, तरुण माणसाने पहिल्या दिवशी विचारावं : तक्रार कुणाकडे करायची, आणि तो माणूस याच घराच्या मर्जीतला आहे का?

आता मुदतीचा मुद्दा. टीकाकार म्हणतात, वर्षभराचं दारिद्र्य हे खोटं दारिद्र्य; परतीचं तिकीट खिशात असतंच. हा आक्षेप आम्हाला तितकासा पटत नाही. आपल्याकडे चातुर्मास असतो. मुदतीचं व्रत म्हणून त्याला कुणी खोटं म्हणत नाही. वारकरीही वारी करून घरी परततो, पेरणीचं बघतो. मात्र चातुर्मासात वांगं सोडणारा माणूस आपण वांग्यावर उपकार करतो असं म्हणत नाही! व्रत करणाऱ्याचं असतं, फळही त्यालाच. जेझुइट योजनेतून बाहेर पडलेले गमतीने म्हणतात की आम्ही आता जन्मभराचे ‘बिघडलो’, पूर्वीसारखं जगणं जमणार नाही. यात प्रामाणिकपणा आहे : बदलला तो स्वयंसेवक.

मग याला सेवा का म्हणायचं? उमेदवारी म्हणावं. शब्द बदलला की हिशेब बदलतो. उमेदवारी करणारा शिकवणाऱ्याचा देणेकरी असतो. इथे शिकवणारे कोण? निवाऱ्यात येणारी माणसं, आणि तिथे दहा दहा वर्षं तुटपुंज्या पगारावर राबणारे कर्मचारी. दर ऑगस्टला नवा चेहरा येतो, त्याला खाणाखुणा शिकवायच्या, आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची, आणि तो जरा कामाचा झाला की निरोपाचा केक कापायचा. कान्टच्या भाषेत सांगायचं तर माणसाला केवळ साधन करू नये. दुसऱ्याचं दुःख हा आपल्या चारित्र्याच्या घडणीचा अभ्यासक्रम झाला, तर कान्टची ही अट मोडण्याच्या बेतात येते. मोडतेच असं नाही. वर्ष संपल्यावरही जो त्या माणसांना नावाने ओळखतो, पुढे वकील-डॉक्टर होऊन त्यांच्या बाजूने उभा राहतो, त्याने ऋण फेडायला घेतलं असं म्हणता येईल. पण असं करणारे किती, हे संस्थेच्या माहितीपत्रकात नसतं. तिथे स्वयंसेवकाच्याच अनुभवांची पानं जास्त.

जानेवारी १९७८मध्ये इलिच सेवाग्रामला आले होते. बापूंच्या कुटीत बसले, आणि तिथल्या परिषदेचं उद्घाटन करताना त्या कुटीवरच बोलले : तिची माती, तिचं लाकूड, तिचा छोटेपणा. मदतीचं नाव नाही. १९६८ला त्या मुलांना दिलेला सल्ला त्यांनी विदर्भात स्वतः पाळला, बघायला आले आणि शिकून गेले. पण ते काही दिवसांचे पाहुणे होते. वर्षभर राहणाऱ्याला कधी तरी भांडी घासावीच लागतात, आणि तिथे इलिच यांचं भाषण आपल्याला काहीच सांगत नाही. प्रश्नोत्तरांत कुणाला या भांड्यांपासून सुरुवात करायची असेल तर आमची तयारी आहे.