मौनाचा अर्थ: स्टॅकमधील दुभंग आणि त्याची ओळख

अनेक स्विच परस्परांस जोडून त्यांचा एकच स्विच भासविणे, हा स्टॅकिंगचा मूळ हेतू होय. मुख्य घटक निकामी झाल्यास राखीव घटकाने त्याची जागा घ्यावी, यास फेलओव्हर म्हणतात. आणि जोडणीच तुटून स्टॅकची दोन शकले झाल्यास ती स्थिती ओळखावी, यास स्प्लिट डिटेक्शन. ही दोन आश्वासने बहुधा एका दमात दिली जातात. ती एकमेकांस कितपत पूरक आहेत, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

उदाहरणादाखल जुनिपरच्या व्हर्च्युअल चॅसिस या रचनेचा प्रसिद्ध नियम घेऊ. दुभंगानंतर कोणते शकल कार्यरत राहावे, हे तो तीन कसोट्यांवर ठरवितो. ज्या शकलात मुख्य व राखीव हे दोन्ही घटक आहेत, ते कार्यरत राहते. ज्यात केवळ मुख्य घटक आहे, ते मूळ संख्येच्या निम्म्याहून अधिक असले पाहिजे. ज्यात केवळ राखीव घटक आहे, त्यास मात्र निम्मी संख्याही पुरते. इतर शकलांनी निष्क्रिय व्हावयाचे.

हा नियम दोनच स्विचांच्या स्टॅकला लावून पाहावा. मुख्य स्विच बंद पडला, तर उरलेला राखीव स्विच संख्येने नेमका निम्मा. तो सूत्रे हाती घेतो. येथवर सारे ठीक. परंतु राखीव स्विच बंद पडला तर? उरलेला मुख्य स्विचही निम्माच असतो, निम्म्याहून अधिक नव्हे. सबब पूर्णतः धडधाकट असा मुख्य स्विच स्वतःहून निष्क्रिय होतो! जो जोडीदार आपत्काळासाठी ठेवला, त्याच्या मृत्यूनेच आपत्ती ओढवते.

यात रचनाकारांचे अज्ञान आहे असे मानणे अन्यायाचे होईल. समसमान दुभंगात पारडे मुख्य घटकाकडे झुकविले असते, तर मुख्याच्या मृत्यूनंतर राखीव स्विच निष्क्रिय राहिला असता व त्याचे प्रयोजनच संपले असते. म्हणूनच की काय, दोन घटकांच्या रचनेत ही सोय बंद ठेवावी असा सल्ला त्याच उत्पादकाने दिला आहे. तो व्यवहार्य आहे. पण त्याचीही किंमत आहे. सोय बंद असता जोडणी तुटली, की दोन्ही स्विच स्वतःस मुख्य समजतात. दोघांचे पत्ते एक, दोघांची मांडणी एक. दोहोंकडे समाईक जोडण्या असलेल्या शेजारच्या स्विचला फरक कळत नाही. तो वाहतूक दोन्हीकडे वाटीत राहतो, आणि तिच्यातील काही भाग ज्या शकलातून पुढे वाटच नाही तेथे जाऊन नष्ट होतो.

खरा आक्षेप आहे तो ‘डिटेक्शन’ या शब्दावर. मुख्याचा मृत्यू, राखीवाचा मृत्यू आणि जोडणीचा भंग या तीन भिन्न घटना. पण उरलेल्या स्विचला प्रत्येक वेळी ऐकू येते ते एकच मौन. त्या मौनावरून त्याने काढलेला निष्कर्ष हे निदान नव्हे, गृहीतक होय. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ साली सिद्ध केले की, संदेश पोचण्यास कालमर्यादा नसलेल्या व्यवस्थेत एक जरी प्रक्रिया बंद पडण्याचा संभव असेल, तर निश्चित नियमांनी चालणारी कोणतीही पद्धत एकमताची हमी देऊ शकत नाही. मंद कोण व मृत कोण, हे दुरून कळत नाही, हे या अडचणीचे मूळ. कालमर्यादा घातल्याने मौनाचा निवाडा लवकर होतो. तो खरा ठरतोच असे नाही. जोडणीच्या तारा दुप्पट केल्याने दुभंगाचा संभव घटतो, मौनाचा अर्थ बदलत नाही.

अर्थ बदलतो तो साक्षीदाराने. सिस्कोच्या व्हर्च्युअल स्विचिंग सिस्टिममध्ये शेजारच्या स्विचमार्फत वा स्वतंत्र तारेने जोडीदाराची खबर मिळते. दोघेही जिवंत आहेत असे आढळताच आधीचा मुख्य स्विच आपली द्वारे मिटून घेतो. या पद्धतीस निदान हे नाव शोभते, कारण तिच्यात मौनाखेरीज दुसरा पुरावा आहे. अर्थात ती दुसरी वाटही पहिलीबरोबरच तुटली, तर साक्ष लोपते. म्हणून दोन्ही वाटा एकाच नळीतून नेणे म्हणजे साक्षीदारास आरोपीच्या कोठडीत ठेवणे होय. जुनिपरचा नियमदेखील तीन घटकांच्या स्टॅकमध्ये निर्दोष चालतो: कोणताही एक स्विच गेला तरी उरलेले दोन कार्यरत राहतात, आणि दुभंग झाल्यास एकटा पडलेला निष्क्रिय होतो. तेथे तिसरा घटक हाच साक्षीदार.

यावरून प्रयोगांच्या मूल्यमापनाचाही निकष हाती येतो. मुख्य स्विचचा वीजपुरवठा तोडून फेलओव्हरला किती काळ लागला, एवढेच मोजणारा प्रयोग तीनांपैकी एकाच प्रश्नाचे, तेही सर्वांत सोप्या प्रश्नाचे, उत्तर देतो. राखीव स्विच बंद करून आणि दोघांनाही जिवंत ठेवून केवळ जोडणी तोडून पाहिल्याशिवाय कोणत्याही रचनेस विश्वसनीय म्हणू नये. रुग्णालय वा बँक यांच्या जाळ्यात हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. तेथे चुकीने मिटलेले द्वार आणि चुकीने उघडे राहिलेले द्वार, दोन्ही सारखीच महाग पडतात.