किर्लोस्कर नाटक मंडळी : संस्थापकाच्या पश्चात

संस्थापक गेला की संस्थेचे तेज जाते, हा समज मराठी नाटक मंडळ्यांच्या इतिहासलेखनात इतका रुळला आहे की त्याची छाननी करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. उदय, मूळ पुरुषाचा मृत्यू आणि मग उतरती कळा, अशी कथा सांगून झाली म्हणजे कारणमीमांसाही झाली असे मानले जाते. किर्लोस्कर नाटक मंडळीचा वृत्तान्त या साच्यात बसत नाही. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले; म्हणजे मंडळीस त्यांचा सहवास जेमतेम पाच वर्षे लाभला. ‘शारदा’ (१८९९), ‘मानापमान’ (१९११) आणि ‘विद्याहरण’ (१९१३) ही नाटके त्यानंतरची. तेज अण्णासाहेबांबरोबरच गेले असते, तर ही कोणाच्या बळावर उभी राहिली?

अण्णासाहेबांनी मागे ठेवली ती मुख्यत्वे एक कार्यपद्धती. नाटक लिहिणारा, पदे रचणारा, तालीम देणारा आणि सूत्रधार म्हणून रंगभूमीवर उभा राहणारा पुरुष एकच होता. साकी, दिंडी, कीर्तनातील व कानडी मुलखातील चाली त्यांनी घेतल्या, त्या समोर बसलेल्या नटाचा गळा ओळखून. ‘सौभद्रा’तील पदे भाषेच्या अंगाने पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते : बोलण्यातील वाक्यरचना त्यांत फारशी मोडत नाही. पद ऐकता ऐकताच अर्थ लागतो, आणि म्हणून संवाद व गायन यांच्यात सांधा जाणवत नाही. बेळगावास अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी हेच उचलले. ‘शारदे’तील मुलींची पदे घरातल्या बोलीत आहेत. वारसा चालला तो असा, तालमीतून. मालकी कोणाकडे गेली हा प्रश्न त्यामानाने गौण होय. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट गेला, तरी मंडळी मोडली नाही याचेही कारण हेच असावे.

बदल निराळ्या वाटेने आला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनया’पासून (१८९६) पारशी रंगभूमीवरील उर्दू वळणाच्या चाली शिरल्या. आता शब्द चालीमागे धावू लागले. वाक्य ओढले-ताणले जाऊ लागले. ‘मानापमाना’त गोविंदराव टेंबे यांनी उत्तर हिंदुस्थानी गायकीचे वैभव आणले. त्या वैभवाची निंदा करण्याचे कारण नाही. मराठी प्रेक्षकाचा कान त्यामुळेच तयार झाला. परंतु गायन नाटकापासून सुटे झाले की ते गायकाची मत्ता ठरते, आणि मत्ता उचलून नेता येते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. या फुटीची चर्चा बहुधा मानापमान (नाटक नव्हे, शब्दशः) आणि हिशेब यांभोवती फिरते. तंटे तर पूर्वीही असत. फलकावर ‘मंडळी’ आणि लोकांच्या तोंडी ‘कंपनी’ हे द्वैत जुनेच आहे : एका शब्दात पंगत, दुसऱ्यात भागीदारी. पूर्वी भांडून कोणी बाहेर पडला तरी बरोबर न्यावे असे फारसे काही नसे, इतकाच फरक.

यानंतर मंडळी निस्तेज झाली असेही सरसकट म्हणता येत नाही. १९१६ मध्ये गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ तिने रंगभूमीवर आणले. दीनानाथ मंगेशकरांचा गळा हाताशी होता. पण नाटक बाहेरून येई आणि गळा केव्हाही जाऊ शके. १९१८ मध्ये दीनानाथ बलवंत संगीत मंडळीच्या स्थापनेसाठी निघून गेले.

उलट बाजूने गंधर्व मंडळीचे उदाहरण बोलके आहे. तेथे संस्थापक स्वतः रंगभूमीवर उभा होता. १९१६ पर्यंत देवलही होते. ‘संशयकल्लोळ’ त्याच वर्षीचे. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यातील पदे वि. सी. गुर्जरांची. नाटकाचे शब्द एका हातचे, पदांचे दुसऱ्या. बालगंधर्वांच्या गाण्याची मोहिनी पुढेही टिकली, पण प्रेक्षक नाटकासाठी न येता त्या गाण्यासाठी येऊ लागला. संस्थापक हयात असतानाही संस्थेतील नाटक मागे पडू शकते, हे येथे दिसते.

‘सौभद्र’ आजही हौशी संच बेताच्या गळ्यांवर उभे करतात. ‘मानापमाना’चा प्रयोग ठरवताना मात्र प्रथम धैर्यधर आणि भामिनी गाणारे कोण, हे पाहावे लागते.