धातू, मातू आणि पाठ्यक्रम : लखनौतील श्री. ना. रातंजनकर यांची वाग्गेयकारिता

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. गीताच्या शब्दांगास तो ‘मातू’ आणि स्वरांगास ‘धातू’ म्हणतो, तर ही दोन्ही अंगे निर्माण करणाऱ्यास ‘वाग्गेयकार’. त्याची प्रतवारी लक्षणीय आहे. धातू आणि मातू दोहोंत निष्णात तो उत्तम. धातूत समर्थ पण मातूत मंद तो मध्यम. आणि मातू रम्य असूनही ज्याचा धातू मंद, तो अधम. आधुनिक साहित्यविचाराला ही उतरंड सहजासहजी पचणारी नाही. मुद्रित शब्दालाच पाठ्य मानणारी समीक्षा बंदिशीकडे वळते तेव्हा केवळ मातू हाती घेते आणि त्यात नवे काही नाही असा निर्णय देऊन मोकळी होते. संगीतसमीक्षा उलट धातूपाशी थांबते. या दोन उपेक्षांमध्ये ज्यांचे कार्य अडकून राहिले, अशा आधुनिक वाग्गेयकारांपैकी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (मृत्यू १९७४) हे एक महत्त्वाचे नाव होय. मराठी संस्कारांत घडलेल्या आणि लखनौत बहरलेल्या या रचनाकाराची नोंद कोणत्या वाङ्मयेतिहासाने घ्यावी, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

रातंजनकरांची घडण दोन परस्परभिन्न परंपरांतून झाली. एकीकडे विष्णु नारायण भातखंडे यांचे शास्त्रीय मार्गदर्शन, तर दुसरीकडे बडोद्यास आग्रा घराण्याचे फैयाज खाँ यांच्याकडील तालीम. पहिल्या परंपरेने त्यांना रागाचे व्याकरण दिले, दुसरीने नोमतोमची आलापी आणि बोलांशी लयीने खेळण्याची रीत. १९२४ व १९२५ च्या अखेरीस लखनौत भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांनंतर, राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साह्याने भातखंड्यांनी १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय स्थापन केले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावाने ते ‘मॅरिस कॉलेज’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६६ मध्ये त्यास भातखंड्यांचे नाव मिळाले आणि २०२२ पासून ते ‘भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय’ आहे. स्थापनेनंतर लवकरच रातंजनकर तेथे आले आणि सुमारे तीन दशके प्राचार्य या नात्याने त्यांनी संस्थेची धुरा वाहिली. पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९५७ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला. ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत त्यांची रचनासंपदा संग्रहित आहे.

या कार्यातील भाषांची वाटणी अर्थपूर्ण आहे. भातखंड्यांनी सूत्ररूप सिद्धान्त ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’मध्ये (१९१०) संस्कृतात मांडला. त्याचे विवरण ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने केले. प्रत्यक्ष गीत मात्र प्रामुख्याने ब्रज वळणाच्या हिंदीतच राहिले. प्रमाण संस्कृत, चिकित्सा मराठी आणि रस ब्रज अशी ही त्रिभाषिक व्यवस्था होती. रातंजनकरांनी ती स्वीकारली, पण तिच्यातील सीमारेषा पुसट केल्या. त्यांनी ब्रजप्रमाणेच संस्कृतातही गेय रचना केल्या आणि कर्नाटक संगीतातील वर्णम् या प्रकाराला हिंदुस्थानी रागांत रूप दिले. या शेवटच्या प्रयोगात आशयाचे नव्हे, तर रचनाबंधाचे भाषांतर आहे. एका संगीतव्यवस्थेचा आकृतिबंध दुसऱ्या व्यवस्थेच्या रागनियमांत उतरविताना काय टिकते आणि काय गळते, हा प्रश्न काव्यानुवादाइतकाच गुंतागुंतीचा आहे.

मराठी संगीत नाटकाशी तुलना केल्यास रातंजनकरांची निवड अधिक स्पष्ट होते. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून पुढे नाट्यपदांनी विविध स्रोतांतील चालींवर मराठी शब्द बसविले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांत हिंदुस्थानी बंदिशींची भर पडली. तेथे धातू उसना आणि मातू स्वतःचा होता. रातंजनकरांच्या बाबतीत मातूची भाषा परप्रांतीय आणि संकेतबद्ध, तर धातू नवनिर्मित. नाट्यपदाने परक्या सुराला स्वभाषेत आणले. रातंजनकर मात्र स्वतःच परक्या काव्यभाषेत जाऊन राहिले. म्हणूनच नाट्यपदाला मराठी वाङ्मयेतिहासात प्रकरण मिळते आणि रातंजनकरांना तळटीपही मिळत नाही. हिंदी वाङ्मयेतिहासालाही आधुनिक काळातील ब्रज बंदिश हा आपला विषय वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने खडी बोलीच्या उदयानंतर ब्रजचे पर्व संपलेले असते. वास्तविक ते संपले नव्हते. गायकांच्या कंठात आणि संगीत विद्यालयांच्या वर्गांत ते चालूच होते.

रातंजनकरांवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की त्यांच्या रचना पाठ्यक्रमासाठी रचलेल्या वाटतात. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष घाईचा आहे. लक्षणगीत या प्रकारात रागाचे वादी, संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय हाच मातूचा विषय असतो. गीत ज्याविषयी बोलते, तेच ते त्याच क्षणी करून दाखविते. ललित साहित्याच्या रूढ निकषांवर हे पद्य रूक्ष ठरेल. परंतु शास्त्र पद्यात सांगण्याची परंपरा भारतात जशी प्राचीन आहे, तशी युरोपातही व्हर्जिलच्या कृषिकाव्यापासून प्रतिष्ठित आहे. लक्षणगीत त्याहून एक पाऊल पुढे जाते, कारण तेथे शास्त्र आणि प्रयोग यांत कालाचे अंतरच उरत नाही. जेथे शिष्य गुरुगृही वर्षानुवर्षे राहत नाही, जेथे वर्ग, तासिका आणि परीक्षा आहेत, अशा संस्थेची ही गरज होती. त्या गरजेतून एक काव्यप्रकार स्थिरावला, ही घटना साहित्याच्या समाजशास्त्राने दखल घ्यावी अशी आहे.

शिवाय रातंजनकरांची प्रतिभा लक्षणगीतापुरती मर्यादित नव्हती. केदार बहार, सावनी केदार यांसारखे राग त्यांच्या नावावर नोंदले जातात. त्यांपैकी केदार बहारचा विचार उद्बोधक ठरतो. केदार आणि बहार हे प्रकृतीने दूरचे राग आहेत. एक रात्रीचा, गंभीर आणि वक्र गतीचा. दुसरा वसंताचा, चंचल आणि उत्सवी. मात्र दोहोंतही शुद्ध मध्यम बलवान आहे. जोडरागाची कल्पना अशा सामायिक स्वराच्या आधारानेच उभी राहते. तो स्वर सामासिक शब्दातील सांध्यासारखे काम करतो. असा सांधा शोधणे व्याकरणज्ञाला शक्य आहे, परंतु त्यावर गीत उभे करणे केवळ व्याकरणाने साधत नाही. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेत धातूचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे.

मातूच्या बाबतीत मात्र निर्णय इतका निःशंक देता येत नाही. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) हेही मराठी संगीतविश्वातून मध्य भारतात गेले. परंतु देवासला स्थायिक झाल्यावर त्यांनी माळव्याच्या लोकगीतांचे शब्द आणि सूर दोन्ही आत्मसात केले, आणि ‘अनूपरागविलास’मधील (१९६५) रचनांत ती बोली जिवंत राहिली. रातंजनकर लखनौत राहिले, तरी त्यांच्या काव्यात लखनौ फारसे येत नाही. त्यांची ब्रज ही कोणत्याही गावाची बोली नव्हे. ती ख्यालपरंपरेची प्रमाणभाषा आहे. याने त्यांच्या रचना सार्वदेशिक झाल्या, पण स्थलाचा गंध त्यांना लाभला नाही.

ही अनुपस्थिती योगायोगाची म्हणता येणार नाही. महाविद्यालयाला कैसरबागेतील ज्या परीखान्यात जागा मिळाली, तेथे एकेकाळी वाजिद अली शाहच्या आश्रयाने स्त्रियांना नृत्यगायनाचे शिक्षण दिले जाई. १८५६ मध्ये नबाबी गेली. पुढे त्याच वास्तूत मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलामुलींसाठी प्रमाणित अभ्यासक्रम आला. बेगम अख्तर याच शहरात ठुमरी, दादरा आणि गझल गात होत्या. त्यांचे निधनही १९७४ सालीच झाले. एकाच नगरातील या दोन गीतपरंपरांतील अंतर केवळ अभिरुचीचे नव्हते. त्यात वर्ग, लिंगभाव आणि प्रतिष्ठा यांचा हिशेब होता. बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यावर आकाशवाणीने कलावंतांच्या ध्वनिचाचण्या कठोर केल्या, त्या मंडळाची सूत्रे रातंजनकरांकडे गेली आणि अनेक कलावंतांनी तीव्र विरोध केला. तेव्हा हाच हिशेब चव्हाट्यावर आला. रागाचे नियम गीतात गुंफणारा रचनाकार आता त्या नियमांवर इतरांना पारखू लागला होता. रातंजनकरांच्या वाग्गेयकारितेचे मूल्यमापन या सत्तासंबंधाला वगळून करणे अपुरे ठरेल. परंतु केवळ त्याच्याच आधारे त्यांच्या रचना निकालात काढणे हीही दुसऱ्या प्रकारची एकांगिता होईल.

कारण पाठ्यक्रमाची चौकट त्या रचनांना बांधून ठेवू शकली नाही. बैलहोंगलहून बालवयात लखनौस आलेले कृ. गुं. गिंडे गुरूच्या घरीच वाढले, आणि संस्थेच्या आत गुरुकुल टिकून राहिले. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर यांच्या गायनाध्यापनातून ही परंपरा पुढे गेली. त्याच महाविद्यालयात शिकलेले रोशन चित्रपटसंगीतात गेले. पाठ्यपुस्तकातील स्वरलिपी गीताचा सांगाडा जपते. मींड, उच्चार, श्वास हे कंठातूनच संक्रमित होते. रातंजनकरांची पुस्तके या दुसऱ्या संक्रमणाला पर्याय नव्हती, ती त्याची स्मरणवही होती.

२०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीत हे साहित्य आहे काय, यावर जगभर वाद झडला. शार्ङ्गदेवाच्या चौकटीत हा वाद उद्भवत नाही, कारण तेथे शब्द आणि स्वर यांचा कर्ता एकच आहे आणि त्याचे मूल्यमापनही एकत्रच होते. या चौकटीत रातंजनकरांचे स्थान उत्तम आणि मध्यम यांच्या सीमेवर ठरेल : धातू प्रौढ, मातू शुद्ध पण संकेतनिष्ठ. मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मात्र प्रतवारीपेक्षा नोंद अधिक महत्त्वाची आहे. मराठीत विचार करून ब्रजमध्ये गाणारा रचनाकार कोणत्याही एका भाषेच्या इतिहासात मावत नसेल, तर भाषानिष्ठ इतिहासलेखनाच्या चौकटीचीच फेरमांडणी करावी लागेल.